देशी निलगिरी पाहिजे

लातूरच्या बार्शी रोडवरच्या एका रोपवाटिकेत माझ्या मावसभावाने मालकाला विचारलं, "देशी निलगिरी आहे का?"

"आहे की," मालक म्हणाला. "देशी स्वस्त पडतं, क्लोन महाग."

मी शेजारी उभा होतो. हसू दाबलं. देशी गाय ठीक, देशी कोंबडी ठीक, देशी टोमॅटोसुद्धा आपण पोटात घातला. पण देशी निलगिरी? ऑस्ट्रेलियाचं झाड लातूरच्या उन्हात उभं राहून देशी कधी झालं? मालकाच्या लेखी मात्र प्रश्न सोपा होता. बी टाकून उगवलेलं ते देशी, आणि चांगल्या झाडाच्या फांदीचा तुकडा रुजवून त्याची हुबेहूब प्रत काढली की ते क्लोन. अशा प्रतींचं काम शेजारच्या तेलंगणात भद्राचलमच्या कागद गिरणीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. त्यातली काही वाणं आता आपल्याकडच्या बांधांवरही दिसतात.

मावसभाऊ नुकताच निवृत्त झालाय. शहराबाहेर वीस गुंठ्यांत घर बांधलंय, मागे ओढा आहे, आणि उटीला पाहिलेलं ते पांढऱ्या सोटासारखं उंच झाड त्याच्या डोक्यातून जात नाही. त्याच्या रोपापायी मी निलगिरीच्या नादी लागलो, आणि आज सांगतो, अंगणातल्या झाडाबद्दल इतकं आश्चर्य वाटायची माझी ही पहिलीच वेळ.

सुरुवात नावापासून. 'निलगिरी' हे नाव झाडाचं नाही, डोंगराचं आहे. १८४३ मध्ये कॅप्टन कॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तमिळनाडूच्या नीलगिरी डोंगरात ही झाडं लावली. पुढे सरपणासाठी तिथे त्यांची रानंच्या रानं उभी राहिली, आणि आपण त्या झाडालाच डोंगराचं नाव देऊन मोकळे झालो. त्याच्याही आधी, १७९० च्या सुमाराला, टिपू सुलतानाने बंगळूरजवळच्या नंदी टेकडीवरच्या बागेत ऑस्ट्रेलियातून आणवलेलं बी पेरलं होतं. म्हणजे मराठवाड्यावर निजामाचा अंमल होता तेव्हाच हे झाड दख्खनच्या उंबऱ्यात येऊन उभं होतं. गंमत अशी, की सिडनीजवळही एक 'निळे डोंगर' नावाची रांग आहे. तिथली निळाई निलगिरीच्या पानांतून उडणाऱ्या तेलाच्या वाफेची सांगतात. आपला नीलगिरी मात्र हे झाड यायच्या कितीतरी आधीपासून निळाच होता.

शास्त्रीय नावाची कथा याहून सरस. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत, १७७७ मध्ये, टास्मानियाजवळच्या ब्रूनी बेटावर एक फांदी तोडून कागदात दाबली गेली आणि लंडनला पोचली. लेरितिए नावाच्या फ्रेंच माणसाने ती तिथे पाहिली आणि १७८८ मध्ये झाडाला नाव दिलं युकॅलिप्टस. ग्रीक भाषेत 'यु' म्हणजे चांगलं, 'कॅलिप्टॉस' म्हणजे झाकलेलं. चांगलं झाकलेलं! झाड नव्हे, फूल. ते झाकण काय असतं हे मला मामांच्या आखाड्यावर गेल्याशिवाय कळलं नाही.

मामांचं शेत कंधार तालुक्यात. आखाड्याच्या कडेला ओढा, ओढ्याच्या काठाला जांभूळ, आणि थोडं पलीकडे बांधावर एकटीच उरलेली निलगिरी. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरणाचं वेगळं खातं निघालं आणि त्या दशकात गावोगाव रोपं वाटली गेली. निलगिरी आणि सुबाभूळ. मामांनीही हौसेने बांधावर एक ओळ लावली होती. वनीकरणवाल्यांना ही दोन्ही झाडं का आवडत, तर झटकन वाढतात. आणि निलगिरीला तर राखण लागत नाही. कंधारची लालकंधारी गाय असो की उदगीरकडची देवणी, निलगिरीच्या पानाला तोंड लावत नाही. शेळी, जिने बाभळीचे काटे सोडले नाहीत, ती इथे नाक मुरडते. पानातलं तेल हेच झाडाचं कुंपण.

त्या निलगिरीची खालची फांदी मी वाकवली. कळ्या झुपक्याने होत्या, साधारण सात-आठ. प्रत्येक कळीचे दोन भाग, खाली छोटी वाटी आणि वर निमुळती टोपी, अगदी बैलाच्या कोवळ्या शिंगासारखी. आपल्याकडच्या मैदानी निलगिरीच्या लॅटिन नावात, टेरेटिकॉर्निसमध्ये, हेच शिंग आहे. पाकळ्या कुठे दिसत नाहीत, कारण पाकळ्याच एकमेकींना चिकटून ती टोपी झाली आहे. आत केसरांची गुंडाळी दाटीवाटीने बसलेली. ती फुगते, वाटी आणि टोपीच्या सांध्यावर बारीक चीर पडते, आणि एका सकाळी टोपी टप्पकन खाली. मी नखाने एक टोपी हलकेच ढकलली. ती निघाली आणि पांढऱ्या तंतूंचा पुंजका हळूहळू पसरला, पावडर लावायच्या फुलासारखा. पाकळी उघडत नाही, गळून पडते! फुलाचा सगळा थाट केसरांचा. मधमाश्या आल्याच होत्या.

मामा म्हणाले, "टोपीचं काय कवतिक सांगायलास, जांभळीखाली जाऊन बघ."

गेलो. चैत्र चालू होता, जांभूळ फुलावर होती. खाली पडलेल्या फुलांत भुशासारख्या बारीक, पांढुरक्या चकत्या दिसल्या. एक चकती नखावर घेतली आणि भिंग लावलं. चार पाकळ्या, एकमेकींना चिकटलेल्या, एकसंध टोपी होऊन गळालेल्या. तोच प्रकार, फक्त आकार डाळीच्या दाण्याएवढासुद्धा नाही.

ही दोन झाडं नात्यातली आहेत, एकाच घराण्यातली. मिर्टेसी हे त्या कुळाचं नाव. पेरू त्याच कुळातला, लवंगही त्याच कुळातली. खूण पटवायची असेल तर जांभळाचं एक पान उन्हात धरा. हिरव्या काचेत सुईने टोचल्यासारखे अर्धपारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. निलगिरीच्या पानातही त्याच. आणखी एक खूण पानाच्या कडेला असते. मधल्या शिरेतून निघालेल्या बारीक शिरा कडेपर्यंत जात नाहीत. कडेच्या किंचित आत एक शीर पानाभोवती काठासारखी फिरते, तिला त्या येऊन मिळतात. साडीला फॉल लावावा तशी. जांभळाच्या पानावर ती शीर आहे, निलगिरीच्या पानावरही आहे. पान हातात नसतं तर मी यावर विश्वास ठेवला नसता.

आणि 'देशी'चा घोळ इथेच खऱ्या अर्थाने सुरू होतो. जांभूळ आपली, यात शंका घ्यायचं कारण नाही. आपल्या पुराणांनी तर अख्ख्या भूभागाला जंबुद्वीप म्हटलं. पण जांभळाच्या सगळ्या गोतावळ्याचा, म्हणजे सिझिजियम या बाराशेच्या आसपास जाती असलेल्या वंशाचा, जनुकीय अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निघालं, की या वंशाचं मूळ घर ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीच्या भूमीत. तिथून तो पुन्हा पुन्हा निघाला, पूर्वेला प्रशांत महासागराच्या बेटांकडे आणि पश्चिमेला आपल्याकडे नि आफ्रिकेकडे. आपल्या जांभळीचे पूर्वजही त्याच मुलखातून आलेले! फक्त ते टिपूच्या पेटाऱ्यातून आले नाहीत. लाखो वर्षांपूर्वी, बहुधा फळं खाणाऱ्या पाखरांच्या आणि वटवाघळांच्या पोटातून, बेटाबेटाने पुढे सरकत आले. उलट युकॅलिप्टसचे सर्वांत जुने जीवाश्म ऑस्ट्रेलियात नव्हे, तर दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात सापडले. ५.२ कोटी वर्षांपूर्वीचे. ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि दक्षिण अमेरिका तेव्हा एकमेकांना जवळजवळ टेकलेले होते. ज्या लाव्ह्याची झीज होऊन आपली काळी माती झाली, तो ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे कंधारच्या शेताखालचा दगड या जीवाश्मांपेक्षाही जुना.

मग फरक काय उरला? वेळेचा. जांभळीला इथे राहून इतका काळ लोटला की तिला खाणारे, तिच्यावर घरटी करणारे, तिची पानं कुरतडणारे सगळे तयार झाले. निलगिरीला इथे सव्वादोनशे वर्षं झाली. झाडांच्या हिशेबात ती काल संध्याकाळच्या गाडीने उतरली आहे. मागोमाग तिचे जुने वैरीही यायला लागलेत. २००१ च्या सुमाराला कर्नाटकात एक बारीक गांधीलमाशी दिसली, पानाच्या देठावर आणि शिरेवर गाठी करणारी, मूळची ऑस्ट्रेलियाचीच. तिला आवरायला तिच्याच मुलखातली तिची वैरीण माशी आणावी लागली. माहेरची भांडणं सासरी आली म्हणायची.

आता पाण्याचं. लातूरमध्ये झाडाचा विषय काढा आणि पाण्याचा निघू नये, हे होत नाही. मामांचं म्हणणं एका वाक्याचं आहे: "पाणीपिऊ झाड हाय, कामून लावायलाव?" त्यांच्या बांधावरच्या ओळीजवळची दोन-तीन तासं ज्वारी दरवर्षी पिवळी पडायची, कणीस बोटभर भरायचं. शेवटी त्यांनी ओळ तोडली. बुंध्यांना पुन्हा फुटवे आले, पुन्हा तोडले, पुन्हा आले. कारण बुंध्याच्या तळाशी, जमिनीला लागून, झाडाने एक गाठ साठवलेली असते, तिच्यात झोपलेले कोंब आणि पिठूळ साठा. ऑस्ट्रेलियात वणवा वरचं सगळं जाळून जातो तेव्हा याच गाठीतून झाड परत उठतं. मामांची कुऱ्हाड त्या झाडाच्या लेखी एक छोटा वणवा.

पाण्याचा आरोप खरा की खोटा? याचं उत्तर मला एका शब्दात देता येत नाही, आणि जे देतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही. किलोभर लाकूड तयार करायला लागणारं पाणी मोजलं तर निलगिरी बऱ्याच झाडांपेक्षा काटकसरी निघते. पण ती इतकी वेगाने लाकूड करते की एकूण बिल मोठं होतं. ओल असेल तेव्हा मध्यम झाड दिवसाला दोन-चार घागरी पाणी सहज ओढतं. कर्नाटकात १९८० आणि ९० च्या दशकात इयान काल्डर या जलशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी झाडाला नळ्या जोडल्यासारखी ही मोजणी केली. माती उथळ असेल तिथे निलगिरी साधारण पडलेल्या पावसाइतकंच पाणी वापरत होती, रानातल्या इतर झाडांसारखंच. होसकोटेजवळ माती खोल होती, तिथे मात्र तिने पडलेल्या पावसापेक्षा जास्त पाणी उचललं. मुळं खाली खाली जात राहिली आणि मागच्या कित्येक वर्षांची मुरलेली ओल काढत राहिली. बँकेतल्या व्याजावर न थांबता मुद्दल खाल्ल्यासारखं. शेतकऱ्यांना हे मोजणीशिवाय कळलं होतं. १९८३ मध्ये तुमकूर जिल्ह्यात त्यांनी रोपवाटिकेत शिरून निलगिरीची रोपं उपटली आणि त्या जागी चिंच-आंब्याच्या बिया टाकल्या. २०१७ मध्ये कर्नाटक सरकारने नव्या लागवडीवर बंदीच घातली.

मुळं किती खाली जातात याचा एक नमुना ऐकाच. पश्चिम ऑस्ट्रेलियात काल्गुर्ली या सोन्याच्या खाणींच्या भागात शास्त्रज्ञांना निलगिरीच्या पानांत सोन्याचे कण सापडले. २०१३ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. सोन्याचा साठा तीस मीटरहून खोल, वर साधी माती, आणि झाडाने दुष्काळात पाण्याच्या शोधात मूळ तिथपर्यंत घालून पाण्याबरोबर सोनंही वर आणलं. झाडाला ते नकोच असतं, म्हणून पानात नेऊन टाकलं. कण इतके सूक्ष्म की पानं गोळा करून अंगठी होणार नाही; पण खाली काय आहे हे पान बघून कळतं.

लातूरचा हिशेबही याच्या शेजारी ठेवतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची 'जलदूत' एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणू लागली. लातूरला सरासरी वर्षात साधारण ८०० मिलीमीटर पाऊस पडतो. एक एकरावर तेवढा पाऊस म्हणजे बत्तीस लाख लिटर. पन्नास वाघिणींच्या गाडीपेक्षा जास्त पाणी आपल्या एकेका एकरावर आभाळ टाकून जातं. ते थांबतं की वाहून जातं, हाच काय तो प्रश्न. या हिशेबात अंगणातलं एक झाड म्हणजे किरकोळ खर्च. पण बांधावर चारशे झाडं आणि शेजारी विहीर असेल, तर मामांचं बरोबर.

मावसभावाला मी पाण्यापेक्षा भिंतीची भीती घातली. आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात तिला पाय अडकेल अशा भेगा पडतात. घराच्या पायाजवळ मोठं झाड असलं की ते मातीतली ओल एकाच बाजूने ओढतं, ती बाजू खचते आणि भिंत तडकते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पश्चिमेची उपनगरंही लाव्ह्याच्या दगडावरच्या अशाच चिकण मातीवर बसलेली. तिथल्या लोकांनी निलगिरीपायी तडकलेली घरं दुरुस्त करत एक साधा नियम काढला: झाड पूर्ण वाढल्यावर जितकं उंच होईल, निदान तितकं ते घरापासून दूर लावा. आपल्याकडची निलगिरी वीस-पंचवीस मीटर सहज जाते. वीस गुंठ्यांचा प्लॉट चौकोनी धरला तर साधारण पंचेचाळीस मीटर बाय पंचेचाळीस. म्हणजे घर एका टोकाला, झाड दुसऱ्या टोकाला, आणि तेही ओढ्याकडच्या, जिथे शेजाऱ्याची भिंत नाही. सेप्टिक टाकी, विहीर, विजेची तार यांच्यापासूनही लांब. हाच नियम जांभळीलाही लागू आहे बरं का. मातीला झाडाचा गाव कळत नाही.

लावायचं कोणतं, यावर आमचा अर्धा दिवस गेला. त्याला मोबाईलवर दिसलेली ती सप्तरंगी सालीची निलगिरी हवी होती. ती फिलिपिन्स-न्यू गिनीच्या ओल्याचिंब रानातली. मे महिन्यातल्या लातुरात ती कशी राहील? औषधाच्या बाटलीतलं तेल देणारी निळ्या पानांची जातही उटीच्या थंडीतली. (ते तेल रुमालावर दोन थेंब ठीक, पोटात कधीच जाऊ देऊ नये, आणि लहान लेकरांच्या हाती तर बाटली लागूच देऊ नये, झटके येऊ शकतात.) शेवटी लिंबाच्या वासाची निलगिरी ठरली. खोड गुळगुळीत, पांढरट-गुलाबी. जुनी साल पातळ पापुद्र्यांनी सुटून पडते आणि खालून नवी कोरी त्वचा निघते. पान चुरलं की त्यातल्या सिट्रोनेलाल या द्रव्याचा गवती चहासारखा वास. शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये तिला निलगिरीच्या घरातून वेगळं काढून कॉरिंबिया हे नाव दिलं. रोपवाटिकेत अजून कुणी तिला त्या नावाने हाक मारत नाही.

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाल्यावर हात-दीड हात खोल खड्डा केला. पिशवी फाडून बघितली, मुळं तळाशी गुंडाळलेली नव्हती, बरं झालं. तशा रोपाची मुळं पुढे स्वतःच्याच गळ्याला फास लावतात आणि झाड वाऱ्यात आडवं होतं. काठी बांधली नाही. वाऱ्याने हललं तरच खोड घट्ट होतं. खड्ड्यात वाळवीचा बंदोबस्त मात्र केला, कारण निलगिरीच्या कोवळ्या रोपाचा आपल्याकडचा खरा शत्रू तीच. आज त्या रोपाला रुंद पानं समोरासमोर येताहेत, जरा केसाळ. पुढे हीच पानं लांब, गुळगुळीत होतील आणि खाली लोंबतील. दुपारचं ऊन कडेने निसटून जावं म्हणून झाड पान उभं टांगतं. म्हणून तर निलगिरीखाली बसलं तर सावली विरळ लागते, कडुलिंबाखाली बसल्यासारखा गारवा नसतो.

दिवाळीत मामा बघायला आले. चष्मा वर करून रोपाचं पान उन्हात धरलं, ठिपके बघितले. मग काही न बोलता मागच्या पेरूकडे गेले, त्याचंही पान तोडून उन्हात धरलं.

"ह्याच्यातबी हायेत की."

"एकाच भावकीतले, मामा. पेरू अमेरिकेतून आला."

"आन् सोयाबीन?"

"चीन."

"ज्वारी?"

"आफ्रिका."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. कुंपणापलीकडे शेजाऱ्याची तूर पिवळ्या फुलावर आली होती, तिच्याकडे बघत म्हणाले, "तूर?"

"तूर आपली."

"ती मला ठावं होती," मामा म्हणाले आणि पेरूचं पान चुरगाळून वास घेत घरात गेले.